माशाचा काटा

देवणीच्या एका लग्नात वरण-भात खाताना नवरदेवाच्या वडिलांच्या दाताखाली खडा आला आणि त्यांची दाढ निखळली. तेव्हापासून उदगीरच्या चन्नबसप्पांच्या डाळ मिलला साडेसाती लागली. व्याही मोठे हिशेबी गृहस्थ. त्यांनी ती दाढ आणि तो खडा एकाच पाकिटात घालून टपालानं मिलवर पाठवून दिला. मालकांनी पाकीट टेबलावर उपडं केलं, आणि दाढ कोणती नि खडा कोणता हे ठरवण्यातच अर्धी सकाळ गेली. शेवटी मुनीम वीरण्णानं दोन्ही नखानं खरवडून पाहिलं आणि पिवळट ती दाढ, असा निकाल दिला.

निकाल देणं हाच वीरण्णाचा खरा धंदा होता. बावीस वर्षं तो या मिलवर मुनीम होता. आलेली तूर उतरवून घ्यायची, तयार डाळ पोत्यात भरून तोलायची आणि गाडीत चढवायची, हे त्याचं काम. पण त्याहून जास्त आवडीचं काम म्हणजे कोणाचं चुकलं ते सांगणं. चूक काय झाली हे कळायच्या आधीच ती कोणाची, हे त्याला माहीत असायचं. खड्यांच्या बाबतीतही त्यानं निकाल लावून टाकला होता. डाळ निवडायला बारा बाया होत्या आणि नीलाबाई त्यांची म्होरकी. डाळीत खडे राहतात म्हणजे बाया नीट निवडत नाहीत, यात विचार कसला करायचा? बाया सारख्या गप्पा मारतात, असं त्याचं म्हणणं होतं. मारणारच. आठ-आठ तास सूप घेऊन बारा बाया मुक्यानं बसल्या असत्या, तर यालाच भीती वाटली असती.

पण ही महिन्यातली तिसरी तक्रार होती, आणि चन्नबसप्पा आता खरोखर कावले होते. त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि सांगितलं की आठ दिवसांत छडा लागला पाहिजे. ज्याच्या हातून खडे येत असतील, तो घरी जाईल.

घरी जाणं म्हणजे काय, हे नीलाबाईला चांगलं ठाऊक होतं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता. शेतात काम नव्हतं, विहिरी कोरड्या होत्या. मिलसमोरच रोजगार हमीचा रस्ता चालू होता आणि भर उन्हात बाया खडी फोडत बसल्या होत्या. मिलमध्ये निदान डोक्यावर पत्रे होते आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. मिलमधून गेलं तर समोरच्या खडीवर, तिसरी जागाच नव्हती. त्या दिवशी बायांनी गप्पा मारल्या नाहीत, आणि वीरण्णाला ते गप्पांपेक्षाही जास्त टोचलं.

दुसऱ्याच दिवशी लातूरहून पत्र आलं. लातूर जिल्हा होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. नवा जिल्हा, नवी कचेरी, नवे साहेब, आणि सगळ्यांना काहीतरी करून दाखवायची घाई. पत्रात लिहिलं होतं की कारखानदारांसाठी एका दिवसाचं शिबिर आहे, मालातले दोष सोप्या आकृत्या काढून कसे शोधायचे ते शिकवलं जाईल, चहापाण्याची सोय आहे. मालकांनी वीरण्णाला पाठवलं. वीरण्णा भाकरी बांधून पहिल्या एसटीनं गेला आणि एसटीनं आपल्या सवयीप्रमाणे वाटेत दोनदा थांबून विचार केल्यामुळे उशिरा पोहोचून मागच्या बाकावर बसला.

शिकवायला हळदणकर नावाचे तरुण साहेब होते. मूळचे रत्नागिरीचे, अगदी समुद्रकाठचे. बदली होऊन मराठवाड्यात आले त्याला सात महिने झाले होते, आणि या सात महिन्यांत त्यांना ताजा मासा दिसला नव्हता. शिकवायची तयारी उत्तम होती, फक्त फळा नव्हता. जिल्हा वेगळा झाला तेव्हा टेबलं इकडे आली, कपाटं आली, फळ्याची मंजुरी मात्र अजून कुठल्यातरी टेबलावर होती. मग साहेबांनी सगळ्या आकृत्या हवेत काढायला सुरुवात केली.

सगळ्यात महत्त्वाची आकृती म्हणजे माशाचा काटा, असं त्यांनी सांगितलं. मासा हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज जरा ओला झाला. त्यांनी हवेत एक लांब आडवी रेघ ओढली आणि तिला वरून-खालून तिरक्या रेघा जोडल्या. प्रत्येक काट्यावर दोषाचं एकेक कारण घ्यायचं. माणूस घ्या, यंत्र घ्या, कच्चा माल घ्या, कामाची पद्धत घ्या. काही म्हणजे काही सोडायचं नाही.

आता समोर बसलेली मंडळी पाहा. डाळवाले, तेलवाले, मिरचीवाले. बहुतेकांच्या कपाळाला भस्म आणि गळ्यात लिंग. त्यांच्या घरात तीन पिढ्यांत मासा शिरला नव्हता, मग त्याचा काटा कुठून शिरणार? मासा म्हणजे आठ गुंजा, आणि बारा मासे म्हणजे एक तोळा, हे मात्र त्यांना पाळण्यातच कळलेलं. वीरण्णानं शेजारच्या शिरूर अनंतपाळच्या तेलवाल्याला हळूच विचारलं, साहेब सोनाराच्या तराजूबद्दल बोलून राहिलेत का? तेलवाला म्हणाला, दुसरा कोणता असतो माशाचा काटा? हवेत काढून दाखवलाच की. आडवी दांडी आणि तिरक्या दोऱ्या. वीरण्णाला पटलं. त्यानं वहीत लिहिलं, ‘गावी गेल्यावर माशाचा काटा काढणे. त्यावर माणूस घेणे.’ शेवटी साहेबांनी जाहीर केलं की आठ दिवसांच्या आत ते स्वतः एकेका कारखान्यात येऊन काटा बघणार.

परतीच्या एसटीत वीरण्णाला एकच काळजी लागली होती. गुंजा तोलायच्या एवढ्याशा तराजूवर माणूस घ्यायचा कसा? पण सरकारनं सांगितलंय म्हणजे त्यात काही युक्ती असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

मिलवर पाऊल ठेवताच तो मालकांना म्हणाला की साहेबांनी काटा काढायला सांगितलाय, उद्यापासूनच काढू. नीलाबाई दाराशीच सूप झटकत उभी होती. कोणाचा काटा काढायचा, हे तिला सांगायची गरज पडली नाही. तिनं सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि वीरण्णाच्या समोर येऊन उभी राहिली.

“मुनीमजी,” ती म्हणाली, “आमचा काटा काढायचा हुता तर काढायचा हुता. त्याच्यापायी लातूरला जाऊन शिकून यायचं काय नडलं हुतं?”

वीरण्णानं तिला गुंज, मासा, तोळा सगळं समजावून सांगितलं. तिचं समाधान झालं असं नाही, पण माणसं तोलायचा तराजू बघायची उत्सुकता तिलाही होती.

माशाचा काटा गावात एकाच ठिकाणी मिळण्यासारखा होता, आणि तो म्हणजे मालकांच्या आई शरणम्मा यांच्या पेटीत. माहेरचं सोनं तोलायचा पितळी काटा, सोबत गुंजांची डबी. सत्तरीच्या शरणम्मांचा जगात कोणावर विश्वास नव्हता. काटा देईन, म्हणाल्या, पण तो जिथं जाईल तिथं मी जाईन. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी मिलच्या गोदामात आधी एक खुर्ची आली, मग उशी आली, मग शरणम्मा आल्या आणि त्यांच्या मांडीवर काटा आला.

वीरण्णानं वही उघडून वाचून दाखवलं, त्यावर माणूस घेणे. सगळे काट्याकडे बघत राहिले. पारडं रुपयाएवढं होतं. वीरण्णानं प्रामाणिकपणे आधी स्वतःची करंगळी पारड्यात ठेवून पाहिली, तर दांडी तिरकी झाली आणि शरणम्मांनी त्याच्या हातावर फटका मारला.

“माणूस मावत न्हाई,” त्या म्हणाल्या. “त्याचे खडे मावतील. ज्यानं त्यानं आपापले खडे आणा.”

सत्तर वर्षांत एकही शिबिर न केलेल्या बाईनं एका वाक्यात जे सांगितलं, ते साहेबांना दिवसभर हवेत हात फिरवून सांगता आलं नव्हतं. वीरण्णाला ही युक्ती फार आवडली. आवडायचं कारण उघड होतं. आता बायांचा नाकर्तेपणा गुंजेपर्यंत मोजून भिंतीवर लावता येणार होता.

तो जोमानं कामाला लागला. मिलमध्ये तूर जिथून जिथून जाते, त्या प्रत्येक ठिकाणाहून एकेक पायली माल घ्यायचा, त्यातले खडे वेचायचे, काट्यावर तोलायचे. आलेल्या पोत्यातली तूर एक. चाळणीतून निघालेली दोन. अंगणात वाळवलेली तीन. भरडलेली डाळ चार. बायांनी निवडलेली पाच. आणि पोत्यात भरून शिवलेली सहा. लिहून ठेवलं तर बायांना वाचता येणार नाही आणि मग त्या नाकबूल होतील, म्हणून त्यानं गेरू कालवला आणि गोदामाच्या पांढऱ्या भिंतीवर उभ्या रेघा ओढायचं ठरवलं. एका माशाला वीतभर उंच रेघ. आंधळ्यालाही दिसावं.

तीन दिवस हे चाललं. शरणम्मा तोलत, वीरण्णा ओढत आणि बाया येता-जाता बघत. पहिली रेघ वीरण्णाच्या छातीपर्यंत गेली. शेतकऱ्याच्या खळ्यातली तूर, खडे असायचेच. चाळणीनंतरची कमरेला आली. वाळवणानंतर थोडी चढली, भरडल्यावर गुडघ्याला आली. पाचवी रेघ बायांची. वीरण्णानं मुद्दाम त्यांना बोलावून समोर उभं केलं आणि मग तोलायला सांगितलं. शरणम्मांनी पारडं उचललं. दांडी हललीच नाही. त्यांनी गुंज काढून अर्धी गुंज टाकली. मग तीही काढली. बायांनी निवडलेल्या पायलीभर डाळीत एक कण होता, आणि तो खडा नसून तुरीचं साल आहे, असं शरणम्मांनी डोळ्याला लावून सांगितलं.

वीरण्णानं चार पायल्या बदलून पाहिल्या. पाचवी रेघ काही केल्या उगवेना. शेवटी त्यानं नुसता एक ठिपका दिला, तोही नाराजीनं.

उरली सहावी, शिवलेल्या पोत्याची. खरं तर ती तोलायची गरज नाही, असं त्याला वाटत होतं, कारण निवडलेली डाळच पोत्यात जाते. पण साहेबांनी काही सोडायचं नाही म्हणून बजावलं होतं. त्यानं एक पोतं उसवलं, पायली भरली, आणि पायलीतून खडे निघाले. चांगले टपोरे, दाढेच्या मापाचे. पाच मासे भरले. रेघ पुन्हा कमरेच्या वर गेली. नीलाबाई रेघेकडे बघत उभी राहिली, मग तिनं वीरण्णाकडे बघितलं, आणि ती सूप घेऊन आपल्या जागेवर जाऊन बसली.

बायांच्या हातातून सुटलेली डाळ आणि शिवलेलं पोतं, या दोहोंच्या मध्ये मिलमध्ये एकच माणूस होता. वीरण्णा मोठ्या तराजूखाली जाऊन उभा राहिला. छताच्या कडीला टांगलेला तो तराजू. दिवाळीत त्याचं एक लोखंडी पारडं फुटलं होतं, म्हणून पोत्याच्या बाजूला लाकडी फळी लावली होती. फळी हलकी पडायची. दोन्ही बाजू सारख्या व्हाव्यात म्हणून वीरण्णानंच फळीच्या साखळीला खड्यांची एक पिशवी बांधली होती. पासंग म्हणतात तिला. पोतं फळीवर उघड्या तोंडानं उभं राहायचं आणि पिशवी बरोबर त्या तोंडावर लोंबायची. त्यानं पिशवी हातात घेतली. खालून उंदरांनी कुरतडली होती. वीरण्णानं साखळीला एक हिसका दिला, आणि टप, टप, दोन खडे खाली पडले.

दर चार दिवसांनी पासंग हलका होतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. बाया खडे काढून नेत असतील, असा निकाल देऊन तो दर वेळी समोरच्या रस्त्यावरून मूठभर खडी आणून पिशवी पुन्हा भरत असे. दोन-तीन महिने तो स्वतःच्या हातानं उदगीरच्या डाळीत लातूर जिल्ह्याचा रस्ता भरत होता.

ज्याच्या हातून खडे येत असतील, तो घरी जाईल. मालकांचे शब्द होते. वीरण्णाचं वय पन्नास, आणि या मिलबाहेर त्याला काहीही येत नव्हतं. गेरू पुसायचा तर भिंत धुवावी लागली असती, आणि टँकर येऊन दोन दिवस झाले होते. त्यानं इकडे-तिकडे बघितलं, चार भरलेली पोती ओढत आणली आणि सहाव्या रेघेसमोर एकावर एक रचून ठेवली. पिशवी त्यानं सोडून खिशात टाकली. खिसा दिवसभर जड लागत राहिला.

आठव्या दिवशी हळदणकर साहेब आले. त्यांनी चहा घेतला, काटा कुठे आहे विचारलं. वीरण्णानं त्यांना शरणम्मांच्या मांडीपाशी नेलं. साहेब बराच वेळ पितळी काट्याकडे बघत राहिले.

“अहो, मी माशाचा काटा म्हटलं होतं,” ते म्हणाले. “मासा. पाण्यातला.”

“पाणीच न्हाई ना साहेब हितं,” वीरण्णा म्हणाला.

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग खिशातून खडू काढला आणि गेरूच्या रेघांशेजारी भिंतीवर मोठ्या हौसेनं चित्र काढलं. डोकं, पाठीचा लांब काटा, त्याला दोन्हीकडून बारीक काटे, शेपूट. डोळा काढताना ते जरा रेंगाळले. चन्नबसप्पांनी विचारलं, हे काय आहे? मासा, साहेब म्हणाले. आणि कोणी विचारलेलं नसताना पुढे म्हणाले, सुरमई समजा.

चन्नबसप्पांचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला. चार हातांवर आई बसलेली, नशिबानं तिचा चष्मा वाती वळायच्या डबीत राहिला होता. मालकांनी पुसा म्हणून खूण केली. पाणी म्हणजे पिण्याचा एक हंडा उरलेला. वीरण्णानं कोरड्या फडक्यानं पुसायचा प्रयत्न केला, तर खडू पसरला आणि सुरमई आणखी गुटगुटीत झाली. तोवर शरणम्मांनी चष्मा मागवला होता. तेव्हा नीलाबाई उठली, गेरूत बोट बुडवलं आणि भराभर प्रत्येक काट्याला पानं काढत सुटली. डोळ्याची लिंबोळी केली, शेपटीचं बूड केलं. शरणम्मांनी चष्मा लावून बघितलं आणि लिंबाची फांदी बरी जमलीय, फक्त लिंबोळ्या कमी आहेत, असं मत दिलं.

साहेबांना या धर्मसंकटातलं काहीच कळलं नाही, कारण ते तोवर रेघा बघून हरखून गेले होते. हेच तर शिकवायचं होतं, ते म्हणाले, खडे कुठे किती आहेत ते एका नजरेत दिसतंय. पाचव्या जागी नुसता ठिपका, म्हणजे खडे संपले. मग तक्रार कशी येते? चन्नबसप्पा दमले होते. दाढ, मासा, आई, सगळं एकाच आठवड्यात. ते म्हणाले, शेवटचा हात बायांचाच ना? मग चूक त्यांचीच. तोलायच्या दिवशी नीट निवडलं असेल, एरवी कोण बघतंय. मुनीम, लिहा नीलाबाईचं नाव त्या फांदीवर आणि विषय मिटवा.

खडू वीरण्णाच्या हातात आला. हाच निकाल त्यानं महिन्याभरापूर्वी स्वतः दिला होता. नीलाबाईनं सूप उचललं नव्हतं. ती भिंतीकडेही बघत नव्हती. ती त्या चार पोत्यांकडे बघत होती. तिनं आरडाओरडा केला असता तर वीरण्णाला लिहिणं सोपं गेलं असतं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

त्यानं खडू खाली ठेवला आणि एकेक पोतं बाजूला ओढलं. सहावी रेघ उघडी पडली.

“ही रेघ माझी हाय, अप्पा,” तो म्हणाला. खिशातली पिशवी काढून त्यानं मालकांच्या पुढ्यात धरली. “पासंगातून खडे पडून राहिलेत. बांधला मी, भरत बी मीच हुतो. बायांची डाळ साफ हाय.”

पिशवीतून एक खडा घरंगळला आणि साहेबांच्या बुटापाशी जाऊन थांबला. चन्नबसप्पांनी तो उचलून हातात फिरवला. बावीस वर्षं मिलवर राबलेला माणूस. पण शब्द अंगणात सगळ्यांसमोर दिलेला होता, आणि तो गिळायचा कसा हे त्यांना सुचेना. साहेब यंत्र आणि पद्धत यांवर काहीतरी बोलायला लागले, कोणी ऐकलं नाही. शेवटी मालक म्हणाले, “वीरण्णा, मी काय बोललो हुतो ते मालूम हाय ना?”

वीरण्णानं मान हलवली आणि खुंटीवरची टोपी घेतली.

“अप्पा,” नीलाबाई म्हणाली, “दुसऱ्याचे खडे बघायला मुनीमजींची नजर लई बारीक हाय. असली नजर घरी कशाला धाडता? बसू द्या आमच्यात.”

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. शरणम्माही हसल्या, म्हणून मालकांना हसता आलं. तराजूला नवं पारडं येईपर्यंत मुनीम निवडायला बसेल, असं ठरलं. नीलाबाईनं सरकून जागा केली आणि एक सूप वीरण्णाच्या मांडीवर ठेवलं. त्यानं खाली मान घालून पायलीभर डाळ निवडली, तासभर लावला, आणि सूप तिच्यापुढे सरकवलं. नीलाबाईनं डाळीतून एकदा हात फिरवला, तीन खडे काढून त्याच्या तळहातावर ठेवले आणि सूप परत त्याच्याकडे ढकललं.

“परत,” ती म्हणाली. वीरण्णा पुन्हा निवडायला लागला.